दारावर येऊन विकलेली वस्तू परत करता येते का? (जळगाव, थोडं तातडीचं)

गिरणाकाठ | शुक्रवार, रात्री ९.१०

मंडळी, सल्ला हवाय.

मी पुण्यात, आई जळगावला एकटी. वय ६९. बुधवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही त्या वेळी, टाय लावलेली दोन पोरं दारात. "काकू, महापालिकेच्या पाण्याची तपासणी चालू आहे, एक ग्लास पाणी द्या." आईने आधी त्यांनाच माठातलं पाणी पाजलं (ही आमची आई). मग त्यांनी ग्लासात गज असलेलं एक यंत्र बुडवलं. दोन मिनिटांत पाणी तपकिरी, वर फेस, खाली गाळ. "हे तुम्ही रोज पिता काकू. घरात कुणाला मुतखडा आहे का?" बाबांना होता. ते गेले वेगळ्याच आजाराने, पण आई त्या प्रश्नाशीच खचली.

पाणी शुद्ध करायचं मशीन, १७,५०० चं. त्यातले ३,००० आईने तिथल्या तिथे मोबाईलवरून दिले. ते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात गेलेत. एका कागदावर सही घेतली. कागदावर कंपनीचं नाव मोठं, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. खाली मुंगीच्या अक्षरात "ऑर्डर रद्द होणार नाही, आगाऊ रक्कम परत मिळणार नाही". सोमवारी मशीन बसवायला येणार आहेत.

बाहेरच्या काही देशांत दारावरचा सौदा ठरावीक दिवसांत कारण न देता मोडता येतो असं ऐकलंय. आपल्याकडे तसं आहे का? आणि आईला नावं ठेवू नका. ते काम मी फोनवर करून बसलोय, ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलतेय.

भरीतपार्टी | ९.१८

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही असंच एक मशीन आहे, सध्या त्याच्यावर फ्लॉवरपॉट ठेवलाय.

यावलकर | ९.२५

सोपं आहे. ग्राहक कायद्यात कुठलीही वस्तू ७ दिवसांत परत करता येते. त्यांना ठणकावून सांगा.

काळा कोट | ९.५२

यावलकर, असं कुठेही लिहिलेलं नाही. हे सात दिवस ऑनलाइन दुकानांच्या परतीच्या धोरणातून लोकांच्या डोक्यात बसलेत. ते त्या-त्या दुकानाचं धोरण, कायदा नव्हे.

गिरणाकाठ, दारावरचा सौदा नुसता "मन बदललं" म्हणून मोडायचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. पण तुमच्या आईंचं मन बदललेलं नाही, त्यांना फसवलंय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमचा सगळा जोर दुसरीवर हवा.

"महापालिकेची तपासणी" असं खोटं सांगून संमती घेतली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवून किंवा खोटं भासवून घेतलेल्या संमतीचा करार, जिची संमती घेतली ती व्यक्ती मोडू शकते. खालची मुंगीच्या अक्षरातली ओळ तिथे ढाल होत नाही. दुसरं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (लागू २० जुलै २०२०), कलम २(४७). वस्तू विकून बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. मात्र त्या ३० दिवसांत "सदोष" हा शब्द महत्त्वाचा. रंग आवडला नाही म्हणजे दोष नव्हे.

आज रात्रीच आईंच्या नंबरवरून त्या माणसाला लेखी संदेश पाठवा: "पालिकेचे कर्मचारी असल्याचं भासवून ऑर्डर घेतली, म्हणून रद्द करत आहे, मशीन आणू नये, ३,००० परत करावेत." नुसता फोन करू नका. फोनवर ते गोड बोलतील आणि तुमच्या हातात काही राहणार नाही. सोमवारी मशीन भिंतीवर चढता कामा नये. भोकं पडली की दुसरीच गोष्ट सुरू होते.

यावलकर | १०.०१

वकीलसाहेब, मग २०२१ ला ते डायरेक्ट सेलिंगचे नियम आले ते काय शोभेचे? आमच्या साडूने पाठवलेला मेसेज आहे. दारावर येणाऱ्याकडे ओळखपत्र पाहिजे, आधी वेळ घेऊन आलं पाहिजे.

काळा कोट | १०.१६

साडू अर्धे बरोबर आहेत. २८ डिसेंबर २०२१ चे ते नियम. ओळखपत्र आणि पूर्वसंमतीशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. आल्या-आल्या स्वतःचं, कंपनीचं नाव, कंपनीचा पत्ता आणि काय विकायला आलो हे खरं सांगायचं. किंमत, परतीच्या अटी, वॉरंटी आधी समजवायची. सगळं त्यात आहे.

पण ते नियम विक्रेत्यांचं जाळं उभारून माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत, साबण-पावडर-व्हिटॅमिनवाल्या. त्यांचा विक्रेता कंपनीचा नोकर नसतो, लेखी करार करून स्वतःच्या हिशोबाने विकतो. पगारी सेल्समनला ते लावता येतात का यावर समोरचा वकील तासभर भांडेल. आणि त्यातली "कूलिंग ऑफ" मुदत (दंड न भरता करारातून बाहेर पडायची) विक्रेता म्हणून जाळ्यात शिरलेल्यासाठी आहे, माल घेणाऱ्यासाठी नाही. व्हॉट्सॲपवर हेच उलटं फिरतं.

यावलकर | १०.२०

साडूला कळवतो. तसाही तो तीन वर्षांपासून मला त्या जाळ्यात ओढतोय.

निवृत्त मास्तर | शनिवार, सकाळी ६.४०

पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून त्या तपकिरी पाण्याबद्दल बोलतो.

ती पाण्यातली घाण नाही. यंत्रातला एक गज लोखंडाचा असतो. वीज सोडली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. गाळ गजाचा आहे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते आणि गज झिजतो. त्यांच्या मशीनच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, तिथे वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते "शुद्ध" दिसतं. त्याच शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा गज बुडवा. तेही तपकिरी होईल. मग विचारा, माझ्या डब्यातलं मीठ विषारी आहे का?

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, हे खरंच. कुकरच्या तळाशी पांढरा थर बसतो तो त्याचाच. पण जड म्हणजे विषारी नव्हे. भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. शंका असेल तर सरकारी प्रयोगशाळेत नमुना द्यावा. पाणी तपासणारा आणि मशीन विकणारा एकच माणूस असेल तर निकाल काय लागणार?

भरीतपार्टी | ८.०५

नाना, शाळेत तुम्ही असता तर मी विज्ञानात पास झालो असतो.

पारोळ्याचा पोऱ्या | ८.३०

मन्ही माय बी अशीच फसनी भो. चादरीस्ना गठ्ठा लई उना, सोलापुरी शे म्हने. पहिला धुवामा रंग गया, दुसरा धुवामा चादर गई.

केळीबाग | ९.४५

धाग्याचा विषय घरच्या दाराचा आहे, पण शेतकऱ्याचं दार म्हणजे बांध. तिथे काय चालतं ते ऐका.

आमच्या चोपडा-शिरपूर पट्ट्यात बागायती कापसाची लागवड तोंडावर आली की बियाणं विकणारे मोटारसायकलवाले फिरतात. पिशवीवर धड नाव नाही. "दादा, तणनाशक मारलं तरी कापूस मरत नाही, निंदणीचा खर्च वाचला समजा." हे ते चोर बीटी. त्याला मान्यताच नाही, विक्री बेकायदा. निंदणीला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून माणूस घेतो. आमच्या भाऊबंदकीतल्या एकाने तीन एकरावर लावलं. उगवण निम्मी, आणि जे उगवलं त्यावरही तणनाशक मारल्यावर काय झालं ते सांगत नाही, तो आजही त्या विषयावर उठून जातो. बिल नाही, पिशवी नाही, विक्रेत्याचा फोन बंद. तक्रार करणार कुणावर?

त्याच गावात दुसऱ्याने परवानाधारक दुकानातून घेतलेलं बियाणं उगवलं नाही, पण त्याच्याकडे बिल, रिकामी पिशवी आणि तिचं लेबल होतं. कृषी विभागाकडे अर्ज दिला, पंचनामा झाला, जिल्हा ग्राहक आयोगात गेला आणि भरपाई मिळाली. वेळ लागला, पण मिळाली. दोघांच्या शेतात एकच धुरा मध्ये आहे.

काळा कोट | १०.१०

केळीबाग यांना जोड. बियाणं घेणारा शेतकरी "ग्राहक" आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केलंय. कंपन्या म्हणायच्या, नमुना प्रयोगशाळेत का नाही तपासला? न्यायालयाने म्हटलं, शेतकरी सगळं बियाणं पेरतो, तपासणीसाठी बाजूला काढून ठेवेल ही अपेक्षाच चूक. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याला परवाना लागतो आणि बिल द्यावंच लागतं.

दारोदार | ११.२०

सगळे एका बाजूने बोलताय, थोडं दुसऱ्या बाजूचं.

मी धुळ्यात दोन वर्षं दारोदार फिरलोय. मशीन नाही, मिक्सर आणि कुकर. पगार नाही, कमिशन. सकाळी टीम लीडर ओरडायचा, "आज तीन नाही गेले तर उद्या येऊ नको." देवपूरच्या चढावर ४३ डिग्रीत बॅग घेऊन चढा, दहा दारं तोंडावर आपटतात, अकराव्या दारात एखादी मावशी पाणी देते. त्या मावशीला खोटं बोलताना मला काय वाटायचं ते मलाच माहीत. आम्हाला दुपारचीच वेळ दिलेली होती. कर्ता माणूस घरी नसतो, सून कामावर, म्हातारी एकटी. हे आम्हाला शिकवलं जायचं, तोंडी. "वॉटर डिपार्टमेंट", "गॅस एजन्सी" असं मोघम बोलायचं, जेणेकरून नंतर अंगाशी येणार नाही.

त्या दोन पोरांना शिव्या द्या, पण कागदावर ज्याचा पत्ता नाही तो वर बसलाय. पोरांना त्या ३,००० तले दोनेकशे मिळाले असतील.

शहाद्याची सून | ११.४१

दारोदारभाऊ, पटलं. पण म्हणून माझ्या सासूने पैसे सोडायचे का? गॅसवाल्यांचंच सांगते. "तपासणी सक्तीची आहे" म्हणत आत आले, चांगला पाइप कापला आणि नवा गळ्यात मारला. पाइप कापल्यावर नाही कोण म्हणणार? नंतर आमच्या एजन्सीत विचारलं तर त्यांनी कुणाला पाठवलंच नव्हतं. आता आमच्या घरी नियम आहे: आधी ओळखपत्र, मग एजन्सीला फोन, तोवर ओट्यावर बसा, चहा देते. खरा माणूस बसतो.

भरीतपार्टी | ११.४४

आणि खोटा?

शहाद्याची सून | ११.४५

त्याला पुढच्या गल्लीत अर्जंट काम निघतं.

रेल्वे कॉलनी | दुपारी १२.३०

भुसावळहून. मशीनचे ३,००० गेले तर गेले, पण एक तपासा: आईंकडून आधार नंबर किंवा ओटीपी घेतला का? आमच्या शेजाऱ्यांकडे मुलांच्या अभ्यासक्रमाचा टॅबलेट विकायला आले, "फक्त रजिस्ट्रेशन" म्हणून दोन ओटीपी घेतले. पुढच्या महिन्यात बँकेतून हप्ता कापला गेला तेव्हा कळलं, कर्ज झालंय. अशा डिजिटल कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सुरुवातीचे काही दिवस मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन, दंड न भरता, कर्जातून बाहेर पडता येतं. पण ते दिवस इतके थोडे असतात की हप्ता कापल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

विमा पॉलिसी दारावर गळ्यात पडली असेल तर मात्र पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. गिरणाकाठ, तुम्ही विचारलेला हक्क आपल्याकडे तिथे आहे, चादरीला आणि मशीनला नाही. गंमत आहे.

सुवर्णनगरीकर | १.०५

सोनं पॉलिश करून देणारे कसे कोणी आणले नाहीत? जळगावात राहून? आमच्या आत्याच्या पाटल्या "चमकवल्या", दोन ग्रॅम हलक्या झाल्या.

काळा कोट | १.१५

ती विक्री नाहीच, चोरी आहे. तेजाबात सोनं विरघळवून नेतात. तिथे ग्राहक आयोग नाही, ११२ लावायचा.

बोहारीणप्रेमी | १.५०

अवांतर: आमच्या दारावर बोहारीण येते, २५ वर्षं झाली. बिल नाही, जीएसटी नाही, ओळखपत्र तर नाहीच. तीन जुन्या पँटी आणि एका साडीवर स्टीलचं पातेलं. आई अजून एक पँट वाचवायला अर्धा तास घासाघीस करते. एकदा पातेल्याला बारीक भोक निघालं. पुढच्या महिन्यात तिने न बोलता बदलून दिलं. ग्राहक हक्क वगैरे ठीक, पण तिला परत त्याच गल्लीत यायचं असतं.

निवृत्त मास्तर | २.१०

१९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा कायदा नव्हता, तो १९८६ ला आला. त्याआधी ग्राहकाच्या हातात काय होतं? बोहारीणप्रेमी म्हणतात तेच, ओळख आणि गल्ली. टायवाली पोरं पुन्हा त्या गल्लीत येणार नाहीत, म्हणून कागद लागतो.

गिरणाकाठ | रात्री ८.१५

सगळ्यांचे आभार. संदेश पाठवला. उत्तर: "मॅडम, ऑर्डर सिस्टीमला गेली, आता कॅन्सल होत नाही." ओटीपी दिला नाही असं आई म्हणते, बँकेचे संदेशही तपासले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, मराठीत बोलता आलं. आयोगात जायचं झालं तर मला पुण्यातून हेलपाटे मारावे लागतील का?

काळा कोट | ८.४०

नाही. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आईंचं जळगाव. कंपनी कुठलीही असो. रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही (हे मी पोटावर पाय देऊन सांगतोय). अर्ज ऑनलाइन भरता येतो, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुदत घटनेपासून २ वर्षं. फक्त तक्रार आईंच्या नावाने करा, ग्राहक त्या आहेत.

आणि तो कागद जपा. कुणी "रद्द करायचंय, मूळ कागद द्या" म्हणालं तरी देऊ नका. दोन्ही बाजूंचा फोटो आजच काढून घ्या.

गिरणाकाठ | मंगळवार, सकाळी ७.३०

काल काय झालं ते सविस्तर लिहितो, मला रात्रभर हसू येत होतं.

मास्तर नानांचा प्रतिसाद मी आईला शनिवारी वाचून दाखवला होता. ती फक्त "हं" म्हणाली. सोमवारी अकराला तीच दोन पोरं मशीनचं खोकं घेऊन हजर. आईने शेजारच्या दोन काकूंना आधीच पापड लाटायला बोलावून ठेवलेलं. "मशीन नंतर. आधी तुमचं ते गजाचं यंत्र काढा." त्यांच्याच बाटलीतलं शुद्ध पाणी ग्लासात घेतलं, पापडाच्या पिठासाठी काढलेल्या वाटीतलं मीठ चिमूटभर टाकलं आणि म्हणाली, "आता लावा." पोरगा म्हणे, काकू असं करत नाहीत. "का? मीठ आमचंच आहे." लावलं. तपकिरी झालं. तिघी काकू लाटणी घेऊन बघतायत.

मोठा पोरगा फोन करायला बाहेर गेला तो आलाच नाही. धाकट्याने "कॅन्सल करतो, कागद द्या" म्हटलं. आई म्हणाली, कागद पुण्याला आहे. (कागद डब्यात होता.) तेवढ्यात त्याच्या खात्यातून २,००० परत आले. हजार "डेमो चार्ज" म्हणे. दारोदार, तुमची आठवण आली. आईने त्या पोराला जाताना ताक दिलं आणि विचारलं, शिकतोस की नाही. बारावी झालाय, एरंडोलचा.

हेल्पलाइनकडून कंपनीचं उत्तरही आलं: "सदर व्यक्ती आमची प्रतिनिधी नाही." कागदावर नाव यांचंच.

यावलकर | ७.५५

काकूंना साष्टांग. हजार सोडून द्या आता.

काळा कोट | ८.१०

सोडू नका. कंपनी म्हणते आमचा माणूस नाही, कागदावर शिक्का त्यांचा. एक तर ती खोटं बोलतेय, नाहीतर कुणीतरी तिचं नाव वापरतंय. दोन्हीचा तपास व्हायला हवा, आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले त्याची नोंद तुमच्याकडे आहेच.

गिरणाकाठ | ८.४५

मीही म्हटलं जाऊ दे. आई म्हणते अर्ज भर, सही करते. "हजाराचं नाही, त्याने तुझ्या बाबांचा मुतखडा काढला." आज संध्याकाळी भरतोय.

अजून एक, मास्तर नानांसाठी. आई विचारतेय ते गजाचं यंत्र कुठे मिळतं. भजनी मंडळात दाखवायचंय.

निवृत्त मास्तर | ९.०२

यंत्र घेऊ नका, आणि घरातल्या प्लगला काहीही जोडू नका, धक्का बसेल. लोखंडी दोन खिळे, ९ व्होल्टची छोटी बॅटरी, दोन वायरी. हळू होतं, अर्धा तास लागतो. तेवढ्यात दोन अभंग होतात.

भरीतपार्टी | ९.०४

मीठ पापडाचंच घ्या.